एका पेल्याचा ब्लेंडर, वर्षभर रोज वापरल्यावर

हा ब्लेंडर आमच्या घरात येऊन वर्ष झालं. रोज सकाळी एकदा तरी तो चालतोच, म्हणजे आजवर तीनशेहून जास्त वेळा मी त्याचं भांडं भरलं, फिरवलं आणि धुतलं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली मोटर आणि वर उलटं बसवायचं प्लास्टिकचं भांडं, अशा धाटणीचे ब्लेंडर कितीतरी कंपन्या काढतात आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखेच असतात. लहान मुलांना भाज्या-फळांची स्मूदी करून द्यायला असा एखादा घ्यावा का, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झालो आणि मुलगा-सूनबाई दोघंही सकाळी लवकर निघत असल्यामुळे नातवंडांचा नाश्ता माझ्याकडे आला. थोरली नात सहा वर्षांची, धाकटा नातू तीन वर्षांचा. नात फळं आवडीने खाते, पण भाजी दिसली की ताट पुढे सरकवते. धाकटा तिच्याकडे बघतो आणि स्वतःचंही ताट सरकवतो. सूनबाईने हा ब्लेंडर मागवला तेव्हा ती म्हणाली, "आबा, भाजी पोटात जाऊ दे, कशीही."

त्या 'कशीही'वरच माझं पहिलं चुकलं. पहिल्याच आठवड्यात मी पालकाची पानं स्ट्रॉबेरीत लपवली. लाल रंगात हिरवा मिसळला की काय होतं हे मला कळायला हवं होतं. पेल्यात चिखलाच्या रंगाचं काहीतरी तयार झालं. नातीने विचारलं, "आबा, ह्यात काय आहे?" मी म्हटलं, स्ट्रॉबेरी. तिने एक घोट घेतला, थांबली, बोटाने ओठावरचा एक बारीक हिरवा दोरा काढला आणि तो माझ्यासमोर धरला. "तू खोटं बोललास." पुढचे चार दिवस तिने माझ्या हातचं काहीच प्यायलं नाही. साधं केळं घातलेलं दूधसुद्धा नाही. ते चार दिवस मला फार जड गेले. भाजी न खाणारं मूल मी सहन करू शकतो, पण माझ्या हातातल्या पेल्याकडे संशयाने बघणारं मूल मला बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी तिला स्टूलवर उभं केलं, पालकाची जुडी समोर ठेवली आणि सांगितलं, आज पानं तू घालायची, किती घालायची ते तूच ठरव. तिने चार पानं घातली. दुसऱ्या दिवशी पाच. आता ती मोजत नाही, मूठ भरते. नवी चव मुलांच्या जिभेवर बसायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आता मला वाटतं, लपवलेली भाजी ह्या हिशेबात धरायलाच नको. जिची ओळखच झाली नाही तिची आवड कशी लागणार?

आता यंत्राविषयी. मोटर ४०० वॅटची आहे. सोबत दोन भांडी आली, मोठं ६०० मिलिलिटरचं आणि लहान ३०० मिलिलिटरचं. पात्यांची चकती आट्यांवर फिरवून भांड्याच्या तोंडाला बसवायची, भांडं उलटं करायचं, मोटरच्या बुडावर ठेवून दाबायचं आणि जरा वळवायचं की मोटर सुरू. बटण वेगळं नाही. भांड्याच्या कडेचे दात बुडाच्या खाचांत शिरून आतली कळ दाबतात, म्हणून भांडं बसल्याशिवाय यंत्र फिरत नाही. पण खाचेतली कळ बोटाने दाबली तर भांडं नसतानाही मोटर फिरते. हे मी पहिल्याच दिवशी करून पाहिलं. पाती वर नसतात, पण मधला दातेरी जोड गरगर फिरतो आणि तीन वर्षांच्या मुलाचं बोट तिथे सहज पोचतं. म्हणून आमच्याकडे काम झालं की प्लग काढलाच पाहिजे, असा नियम आहे. पात्यांची चकती फक्त मी बसवतो आणि फक्त मी धुतो.

भांडं उलटं होतं ही साधी गोष्ट लक्षात यायला मला आठवडा लागला. नेहमीच्या उभ्या मिक्सरमध्ये पातळ पदार्थ आधी घालतात, कारण पाती तळाला असतात. इथे पाती तोंडाला असतात, म्हणजे शेवटी घातलेला पदार्थ पात्यांजवळ येतो. आधी गोठवलेलं फळ, मग मऊ फळ, मग पानं आणि सगळ्यांत शेवटी पाणी किंवा दही. हा क्रम चुकला की गोठवलेल्या केळ्याचे तुकडे पात्यांना अडतात, मोटर घुरघुरते आणि मिश्रण जागचं हलत नाही. भांडंही काठोकाठ भरायचं नाही. आतल्या खुणेच्या वर गेलं की आटे फिरवताना रस बाहेर येतो आणि आट्यांत वाळून बसतो.

मुलांसाठी स्मूदी करायची असेल तर माझ्या मते एकाच गोष्टीवर सगळं ठरतं, ती म्हणजे दोरा. मोठी माणसं पालकाचा एखादा तंतू गिळून टाकतात. मुलांच्या जिभेला तो केसासारखा लागतो आणि घोट परत पेल्यात येतो. नातीच्या ओठावर सापडला तो हाच. ह्या यंत्राची ताकद मोठ्या मिक्सरएवढी नाही, त्यामुळे सगळं एकदम घालून फिरवलं तर तंतू उरतातच. मी आता दोन टप्प्यांत करतो. कोवळी पानं, देठ काढून, फक्त थोड्या पाण्याबरोबर आधी चाळीस सेकंद फिरवतो. पाणी हिरवंगार होतं आणि दोन बोटांत धरून चोळलं तर काही जाणवत नाही. मग भांडं सरळ करून उघडायचं, फळं घालायची आणि आणखी तीस सेकंद. ह्या दोन टप्प्यांनी पेल्यातला फरक इतका पडतो की धाकट्याने तक्रार करणंच सोडलं.

एका वेळी मिनिटापेक्षा जास्त फिरवू नका. पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं आणि ते खरं मानावं. एवढीशी मोटर बंद डब्यात बसवलेली असते, तिला गार व्हायला वेळ लागतो. एकदा माझी सलग दोन मिनिटं चालली आणि आपोआप बंद पडली. आतल्या सुरक्षेच्या स्विचने तिला वाचवलं. अर्ध्या तासाने ती पुन्हा सुरू झाली.

आवाज मात्र मोठा आहे. धाकटा सुरुवातीला कानावर हात ठेवून दुसऱ्या खोलीत पळायचा. मी बुडाखाली जाड कापडाची घडी ठेवून पाहिली. आवाज कमी झाला, पण दोन मिनिटांत गरम तारेचा वास आला. उचलून बघितलं तर हवा खेळायच्या फटी खालच्याच बाजूला होत्या आणि मी त्या बंद करून टाकल्या होत्या. चौतीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाने असं करायला नको होतं, म्हणून इथे आवर्जून लिहितोय. आता यंत्र उघड्या ओट्यावर असतं आणि सुरू करायच्या आधी मी "एक, दोन, तीन" म्हणतो. आवाज कधी येणार हे कळलं की मूल घाबरत नाही. हल्ली तीन म्हणायचं काम धाकट्याकडे आहे.

कितीही गुणाची म्हटली तरी स्मूदीत काय जातं आणि मुलाला त्यातलं किती मिळतं हे बघितलं पाहिजे. मी काटा आणि मोजमापाचा मग घेऊन बसलो. आमचा रोजचा हिरवा पेला असा: अर्धं केळं म्हणजे साधारण ६० ग्रॅम, एक मध्यम संत्रं सोलून बिया काढून १२० ग्रॅम, पालक ३० ग्रॅम आणि पाणी ९० मिलिलिटर. फिरवल्यावर ३०० मिलिलिटरच्या आसपास भरतं, दोघांना निम्मं निम्मं. ३० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण ०.८ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका पेल्यात ०.४. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ७ मिलिग्रॅम आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला १० मिलिग्रॅम लोह लागतं. वर पालकातलं लोह वनस्पतीतलं, ते शरीरात कमीच शोषलं जातं. तेव्हा हिरवा पेला दिला म्हणजे लोहाची काळजी मिटली, असं कुणी समजू नये. डाळी, कडधान्यं, अंडी, मांस, जे घरात चालत असेल ते जेवणात हवंच.

पण त्याच पेल्यातलं संत्रं मोठं काम करतं. १०० ग्रॅम संत्र्यात ५० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज त्याच मानकात २५ मिलिग्रॅम आहे. अर्ध्या संत्र्यात ती भागते. शिवाय क जीवनसत्त्व सोबत असलं की वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. पालकाबरोबर मी दूध-दही मात्र घालत नाही. त्यातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. दही दुसऱ्या पेल्याला.

तो दुसरा पेला गाजराचा. कच्चं गाजर ह्या यंत्रात फिरवलं तर रवाळ राहतं, जिभेवर बारीक वाळूसारखं लागतं. तेव्हा गाजर आधी वाफवायचं. त्याने नुकसान होत नाही, उलट गाजरातलं बीटा-कॅरोटिन शिजवल्यावर आणि बारीक केल्यावर शरीराला जास्त मिळतं. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारं असल्याने सोबत थोडी चरबी हवी, म्हणून साय न काढलेल्या दुधाचं दही आणि चार-पाच भिजवलेले बदाम. लहान मुलांना अख्खा सुकामेवा देऊ नये, घशात अडकतो. पूर्ण बारीक झालेला चालतो, पण पहिल्यांदा देताना एकाच प्रकारचा, थोडासा द्यावा आणि अंगावर काही उठतंय का ते बघावं.

ह्या गाजराच्या पेल्यानेच माझ्याकडून सगळ्यांत धोक्याची चूक घडली. एका सकाळी उशीर झाला होता. वाफवलेलं गाजर कोमट होण्याची वाट न बघता मी तसंच भांड्यात घातलं, चकती घट्ट बसवली आणि फिरवलं. वीसेक सेकंदांत भांडं हाताला फुगल्यासारखं लागलं. थांबवून चकती फिरवायला गेलो तर पहिल्याच आट्याला 'फट्' करून झाकण सुटलं आणि गरम लगदा माझ्या मनगटावर उडाला. उभ्या मिक्सरच्या झाकणातून वाफ निघून जायला वाट असते. ह्या भांड्याला कुठेच वाट नाही. आत गरम पदार्थ घुसळला की वाफ आणि फुगलेली हवा दाब धरते. त्या दिवशी नात स्टूलवर नव्हती, दात घासायला गेली होती. ती तिथे असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही. गरम काहीही ह्या भांड्यात घालू नका. मी आता गाजर आदल्या रात्री वाफवून फ्रिजमध्ये ठेवतो.

फळांच्या जोड्यांत एक गंमत अशी कळली की किवी आणि दही एकत्र फिरवून लगेच प्यायलं तर छान लागतं आणि अर्ध्या तासाने तेच कडवट होतं. नात तयार होऊन येईपर्यंत पेला ओट्यावर राहिला आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं. मी चाखलं तर खरंच कडू. कच्च्या किवीत प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. ताजं अननस आणि पपईतही अशीच विकरं असतात. ह्या तिन्ही फळांना मी आता पाणी किंवा संत्र्याचा रस देतो. दुधा-दह्याबरोबर घ्यायचीच असतील तर फिरवल्याबरोबर प्यायची.

बिटाने घाबरवलं ते वेगळंच. शिजवलेलं बीट, सफरचंद आणि दही, असा सुंदर गुलाबी पेला झाला. सफरचंदाच्या बिया मात्र काढूनच टाकायच्या. नातीने तो मागून घेऊन प्यायला, धाकट्यानेही. दुपारी धाकट्याला शू करायला नेलं तर रंग गुलाबी. माझे हातपाय गार पडले. मुलाला फोन लावला, त्याने डॉक्टरांना लावला, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीट खाल्लं का?" बिटाचा रंग काही जणांच्या शरीरातून तसाच बाहेर पडतो, त्यात अपाय नाही. नातीला काहीच झालं नव्हतं, धाकट्यालाच झालं. बीट दिलं असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं, एवढं मी त्यातून घेतलं. पाळणाघरात पाठवत असाल तर तिथेही सांगावं.

साखर मी एक कणही घालत नाही. पिकलेलं केळं पुरेसं गोड असतं, एका मध्यम केळ्यात साधारण १४ ग्रॅम साखर असतेच. मध घातला तर चालेल का, असं काही जण विचारतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मोठ्या मुलांना तो धोका नसतो, पण साखर ती साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत मध आणि फळांच्या रसातली साखरही धरली आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी वाटा ह्या सगळ्याचा असावा, असं त्यात म्हटलं आहे.

अख्खं संत्रं खाताना नातीला दहा मिनिटं लागतात. सालं काढते, फोडी वेगळ्या करते, धाकट्याला एक देते. तेच संत्रं पेल्यातून दोन मिनिटांत संपतं. चोथा गाळून टाकत नसल्याने स्मूदी रसापेक्षा चांगली आहे, तंतू पोटात जातात. पण बारीक झालेल्या फळातली साखर पेशींतून मोकळी होते आणि पोट भरल्याची जाणीव यायच्या आत पेला रिकामा होतो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला असा की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर नको, आणि तेही जेवणाबरोबर घ्यावं. सुरुवातीला मी ३०० मिलिलिटरचं भांडं एकटीला द्यायचो आणि दुपारी ती जेवत नाही म्हणून सूनबाई काळजी करायची. माप निम्मं केल्यावर तिसऱ्या दिवशी भूक परत आली. तेव्हापासून पेले ठरलेले आहेत, १५० मिलिलिटरला आतून रेघ दिसते असे.

दातांच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. पेला घेऊन तासभर घोट घोट पीत फिरू देऊ नका, बसून एकदाच पिऊ दे. साखर आणि आंबटपणा दातांवर जितका वेळ राहील तितकं नुकसान. आणि आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. म्हणून आमच्याकडे आता दात आधी, पेला नंतर.

आता यंत्राचा खरा दोष. चकतीच्या आत एक रबरी वायसर असतो, रस गळू नये म्हणून. धुण्याची पद्धत पुस्तिकेत अशी दिली आहे की भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून वीस सेकंद फिरवावं. पाती लखलखीत होतात, भांडं स्वच्छ दिसतं आणि आपण समाधानाने ते मांडणीवर ठेवतो. दुसऱ्या महिन्यात मला चकतीला आंबूस वास आला. जुन्या सवयीने मी वायसर काढला. लाकडी काडीच्या बोथट टोकाने अलगद उचलला की निघतो. खालच्या खाचेत करडा बुळबुळीत थर आणि काळे ठिपके होते. बुरशी. त्या खाचेवरून गेलेला रस माझी नातवंडं पीत होती, ह्याचं मला अतिशय वाईट वाटलं. आता रोज वायसर काढतो, खाच जुन्या ब्रशने घासतो, दोन्ही वेगवेगळं कोरडं करतो आणि दुसऱ्या दिवशीच बसवतो. दोन मिनिटं जास्त लागतात. ज्यांना रोज ही दोन मिनिटं देणं शक्य नाही त्यांनी हे यंत्र लहान मुलांसाठी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. पुस्तिकेत वायसर काढून धुवायचं एका ओळीनेही लिहिलेलं नाही आणि ही कंपनीची मोठी चूक आहे.

नवव्या महिन्यात तो वायसर सैल झाला आणि आट्यांतून रस गळायला लागला. कंपनीला फोन केला. नुसता वायसर मिळत नाही, पात्यांची पूर्ण चकती घ्यावी लागेल, असं उत्तर आलं. एक रबराची रिंग झिजली म्हणून चांगली पाती फेकून द्यायची, हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. पण खाण्याच्या वस्तूत कुठलंही रबर कापून बसवायचा मोह मी आवरला. ते अन्नाला चालणारंच असावं लागतं. चकती नवी घेतली. जुनी घरी उघडून पाहिली, तेव्हा मधल्या दांड्याच्या सीलशेजारी काळपट तेलकट कड दिसली. म्हणजे तीही जाण्याच्या मार्गावर होती. पात्यांच्या मुळाशी असा काळा ओघळ दिसला तर चकती त्याच दिवशी बदला. बेअरिंगचं ग्रीस वर यायला लागल्याची ती खूण आहे. घेण्याआधी हे दोन प्रश्न विचाराच: वायसर सुटा मिळतो का, आणि चकती किती वर्षं मिळत राहील.

भांड्याचं प्लास्टिक दणकट आहे, दोनदा हातातून पडूनही तडा गेला नाही. मात्र गाजराने ते पिवळं पडतं आणि साबणाने तो रंग हलत नाही. त्यावर उपाय असा सापडला की कापसाला थेंबभर खाद्यतेल लावून पुसायचं, मग साबणाने धुवायचं आणि दिवसभर उन्हात ठेवायचं. गाजराचा रंग तेलात विरघळतो आणि राहिलेला ऊन घालवतं. संध्याकाळी भांडं काचेसारखं होतं.

उरलेली स्मूदी ठेवावी का? शक्यतो नाही. हवेने केळं काळं पडतं आणि क जीवनसत्त्वही कमी होत जातं. पण जास्त झालीच तर मी बर्फाच्या साच्यात ओततो, त्यात काड्या खोचतो आणि दुपारी दोघांना एकेक कांडी देतो. गाजर-दह्याची कांडी नातीला पेल्यापेक्षाही आवडते.

चार-पाच मुलांचं घर असेल तर हे भांडं अपुरं पडेल, तिथे मोठाच मिक्सर बरा. एका-दोघांसाठी मात्र ह्याचा आकार अगदी नेमका आहे. हलकं आहे, ओट्यावर वीतभर जागा घेतं, आणि भांडं पारदर्शक असल्याने आत काय जातंय ते मुलांना दिसतं. माझ्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण. आमच्या मोठ्या मिक्सरच्या स्टीलच्या भांड्यात नात वाकूनही बघत नसे.

गेल्या आठवड्यात ती भांड्यात पालक घालताना थांबली, एक पान बाजूला काढलं आणि तसंच तोंडात टाकलं. चावलं, जरा विचार केला, आणि म्हणाली, "असं पण बरं लागतं." धाकट्याने हात पुढे केला. मी त्यालाही एक पान दिलं. त्या दिवशी पेल्यात पालक जरा कमीच पडला.